नजरेचा हिशेब मांडणारे इब्न अल-हैसम

शाबान महिन्याच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी रमजानचा चांद पाहण्यासाठी लोक गच्चीवर जमतात. पहिला चांद नखाच्या कोरीएवढा बारीक असतो आणि थोड्याच वेळात मावळतो. ज्याची नजर चांगली त्याला तो आधी दिसतो, आणि मग तो बोट दाखवून इतरांना दाखवतो. या गर्दीत हल्ली जाड काचांचा चष्मा लावलेली आठ-दहा वर्षांची मुलेही बरीच असतात. चष्मा काढला तर चांद राहू द्या, समोरच्या इमारतीवरची पाटीही त्यांना वाचता येत नाही. ही गोष्ट एका मोहल्ल्याची किंवा एका समाजाची नाही. फळ्यावरचे दिसत नाही ही तक्रार आज प्रत्येक शाळेत, प्रत्येक वर्गात आहे. याला वैद्यकीय भाषेत मायोपिया म्हणतात, मराठीत लघुदृष्टी, आणि घरात आपण नुसते म्हणतो की पोराला मायनसचा नंबर लागला.

हा नंबर वाढू नये, निदान सावकाश वाढावा म्हणून जगभर संशोधन चालू आहे. त्याची मुळे शोधत मागे गेलो तर एक हजार वर्षांपूर्वीच्या बसरा आणि कैरो या शहरांत जाऊन पोहोचतो. माणसाला दिसते कसे, या प्रश्नाचे उत्तर प्रयोगाने शोधणारे अबू अली अल-हसन इब्न अल-हैसम तिथलेच. युरोपात त्यांना अल्हाझेन म्हणून ओळखतात. रमजानच्या निमित्ताने आज त्यांच्या आयुष्याची ओळख करून घेऊ.

त्यांचा जन्म इ.स. ९६५ च्या सुमारास आजच्या इराकमधल्या बसरा शहरात झाला. बसरा हे बंदराजवळचे, व्यापाराचे आणि विद्वानांचे शहर होते. ग्रीक पंडितांचे ग्रंथ त्याआधीच्या दीडशे-दोनशे वर्षांत अरबीत आले होते. या अनुवादकांत मुसलमान होते तसे ख्रिस्ती आणि हर्रानचे साबी पंथीयही होते. युक्लिडची भूमिती, टॉलेमीचे खगोलशास्त्र, गॅलनचे वैद्यक हे सगळे त्या पिढीच्या हाती तयार होते. तरुण हसनने ते वाचले, आणि वाचता वाचता त्यातल्या चुकाही शोधू लागला. गणितात त्याचे नाव झाले आणि ती कीर्ती इजिप्तपर्यंत गेली.

इजिप्तमध्ये तेव्हा फातिमी खलिफा अल-हाकिमची सत्ता होती. हा खलिफा अकरा वर्षांचा असताना, ९९६ साली गादीवर आला. १००५ मध्ये त्याने कैरोत विद्वानांसाठी दार अल-इल्म, म्हणजे ज्ञानाचे घर, उघडले. पण त्याच माणसाने १००९ मध्ये जेरुसलेममधले ख्रिस्ती लोकांचे सर्वांत पवित्र चर्च पाडायला लावले. कधी कुणावर मेहेरनजर होईल आणि कधी कुणाचे मुंडके उडेल याचा भरवसा दरबारातल्या माणसांनाही नसे.

नाईल नदी हा इजिप्तचा प्राण. पूर कमी आला तर दुष्काळ, जास्त आला तर गावे पाण्याखाली. या पाण्याचे नियमन करता येईल असा इब्न अल-हैसम यांचा दावा खलिफाच्या कानावर गेला आणि त्याने त्यांना बोलावून घेतले, असे चरित्रकार इब्न अल-किफ्ती सांगतो. त्याने हे सुमारे दोनशे वर्षांनी लिहिले, त्यामुळे त्यात ऐकीव भाग असणारच. त्याच्या म्हणण्याप्रमाणे कैरोच्या वेशीबाहेर खलिफा स्वतः त्यांना भेटायला आला. मग कारागिरांचा ताफा घेऊन ते नदीच्या काठाने दक्षिणेला अस्वानजवळच्या धबधब्यांपर्यंत गेले. वाटेत त्यांनी प्राचीन इजिप्तची मंदिरे आणि भव्य वास्तू पाहिल्या. इतके मोजमापात पक्के असलेल्या लोकांनी जे केले नाही, ते करता येण्यासारखे नसणार, हे त्यांच्या ध्यानात आले. जागेची पाहणी केल्यावर खात्रीच पटली. ते परत आले आणि हे काम आपल्याच्याने होणार नाही, असे त्यांनी खलिफाला सांगितले. त्याच अस्वानला मोठे धरण पूर्ण व्हायला १९७० साल उजाडले.

खलिफाने वरकरणी ऐकून घेतले आणि त्यांना सरकारी कचेरीत नोकरी दिली. पण अशा मालकाजवळ राहायचे म्हणजे रोज जीव मुठीत धरणे. नोकरी नाकारणे तर आणखी धोक्याचे. तेव्हा त्यांनी वेड लागल्याचे सोंग घेतले. त्यांची मालमत्ता सरकारने ताब्यात घेतली आणि त्यांना घरातच कोंडून ठेवण्यात आले. १०२१ मध्ये खलिफा एका रात्री बाहेर पडला तो परत आलाच नाही. त्याच्या मृत्यूनंतरच हे सोंग संपले. ते बाहेर आले आणि अल-अझहर मशिदीच्या दाराजवळच्या एका लहानशा जागेत राहू लागले. पोटासाठी ते युक्लिड आणि टॉलेमीच्या ग्रंथांच्या प्रती हाताने लिहून विकत. वर्षाला दीडशे दिनार मिळत आणि तेवढ्यात त्यांचे वर्ष निघे. सुमारे १०४० मध्ये कैरोतच त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावावर नव्वदहून अधिक ग्रंथ आणि प्रबंध सांगितले जातात.

यातला सर्वांत मोठा ग्रंथ म्हणजे सात खंडांचा किताब अल-मनाझिर, अर्थात दृष्टीचे शास्त्र. कोंडलेल्या त्या वर्षांत त्याचे काम सुरू झाले असे मानले जाते.

त्या काळापर्यंत युक्लिड आणि टॉलेमीच्या शब्दाला मोठे वजन होते. डोळ्यांतून किरण बाहेर पडतात, ते वस्तूला जाऊन भिडतात आणि म्हणून आपल्याला दिसते, असे त्यांचे मत होते. इब्न अल-हैसम यांनी साध्या गोष्टींपासून सुरुवात केली. सूर्याकडे रोखून पाहिले तर डोळ्याला इजा होते. प्रखर उजेडाकडे पाहून डोळे मिटले तरी तो उजेड काही क्षण तसाच दिसत राहतो. म्हणजे बाहेरून काहीतरी आत येते आणि डोळ्यावर परिणाम करते. मग त्यांनी अंधाऱ्या खोलीचा प्रयोग केला. खोलीला एक बारीक भोक ठेवले आणि बाहेर वेगवेगळ्या जागी दिवे मांडले. आतल्या भिंतीवर जितके दिवे तितके उजेडाचे ठिपके पडले. एक दिवा झाकला की त्याचाच ठिपका नाहीसा होई, बाकीचे जागच्या जागी राहत. सगळे उजेड एकाच भोकातून आले तरी एकमेकांत मिसळले नाहीत, कारण प्रकाश सरळ रेषेत जातो. प्रत्येक वस्तूच्या प्रत्येक बिंदूवरून प्रकाश सगळीकडे निघतो आणि त्यातला काही आपल्या डोळ्यांत शिरतो, हा त्यांचा निष्कर्ष होता.

डोळा केव्हा बिनचूक पाहतो आणि केव्हा फसतो, याचाही त्यांनी हिशेब मांडला. वस्तू योग्य अंतरावर हवी, डोळ्यासमोर हवी, तिच्यावर पुरेसा उजेड हवा, ती फार लहान नको, ती अगदी आरपार दिसणारी नको, मधली हवा स्वच्छ हवी, पाहायला पुरेसा वेळ हवा आणि डोळा निरोगी हवा. अशा आठ अटी त्यांनी सांगितल्या. क्षितिजावरचा चंद्र मोठा का वाटतो याचेही उत्तर त्यांनी दिले. चंद्र मोठा होत नाही, मधल्या जमिनीमुळे तो आपल्याला जास्त दूर वाटतो आणि म्हणून मन त्याला मोठा ठरवते, असे त्यांचे म्हणणे होते.

त्यांनी चष्मा शोधला असे कधी कधी सांगितले जाते. ते खरे नाही. म्हाताऱ्यांचा वाचायचा चष्मा त्यांच्यानंतर अडीचशे वर्षांनी इटलीत आला आणि लांबचे न दिसणाऱ्यांसाठी अंतर्वक्र काचा पंधराव्या शतकात. एका ठिकाणी तर त्यांची चूकही झाली. डोळ्यात उमटणारे चित्र उलटे असणार, हे त्यांना पटणे शक्य नव्हते. म्हणून डोळ्याच्या पुढच्या भागातले भिंगच पाहण्याचे काम करते, असे त्यांनी मानले. त्यामागच्या पडद्यापर्यंत ते गेले नाहीत.

पण चूक दुरुस्त करण्याची रीतही त्यांनीच घालून दिली होती. टॉलेमीवरच्या शंकांचा एक स्वतंत्र ग्रंथच त्यांनी लिहिला. कितीही मोठ्या पंडिताचे म्हणणे असले तरी ते तपासून घ्यावे आणि तपासताना स्वतःच्या मतावरही तेवढाच संशय घ्यावा, हा त्यांचा आग्रह होता. त्यांच्याच लोकांनी मात्र दृष्टिशास्त्राचा हा ग्रंथ बराच काळ फारसा वाचला नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस इराणच्या कमालुद्दीन अल-फारिसी यांनी तो खोलात जाऊन अभ्यासला आणि पाण्याने भरलेल्या काचेच्या गोळ्यावर प्रयोग करून इंद्रधनुष्याचा उलगडा केला. तोवर या ग्रंथाचा लॅटिन अनुवाद युरोपात पोहोचला होता. १५७२ मध्ये तो बासेलला छापला गेला.

छापील ग्रंथाचा फायदा झाला जर्मन खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर यांना. लहानपणी देवी आल्यामुळे केप्लर यांची नजर अधू झाली होती. ग्रहांचे गणित मांडणाऱ्या या माणसाला आकाशातले तारे नीट दिसत नसत. १६०४ मध्ये त्यांनी इब्न अल-हैसम यांचा हिशेब पुढे नेला. चित्र डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर पडते आणि ते उलटेच पडते, हे त्यांनी दाखवले. लघुदृष्टी असलेल्या माणसाच्या डोळ्यात दूरच्या वस्तूचे किरण पडद्यापर्यंत पोहोचायच्या आधीच एकत्र येतात, म्हणून त्याला लांबचे धूसर दिसते, हेही त्यांनीच स्पष्ट केले. बसऱ्याच्या माणसाचे अर्धे काम पाचशे-सहाशे वर्षांनी दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या धर्माच्या माणसाने पुरे केले.

किरण आधीच एकत्र का येतात? बहुतेक मुलांमध्ये कारण एकच असते. डोळा लांबट होतो. जन्मतः नेत्रगोल मागून पुढे सुमारे १७ मिलिमीटर असतो आणि मोठेपणी सुमारे २४ मिलिमीटर होतो. ही वाढ गरजेपेक्षा जास्त झाली तर प्रत्येक जादा मिलिमीटरमागे साधारण अडीच ते तीन नंबर लागतो. एकदा ताणला गेलेला डोळा मोठेपणी मागे येत नाही. चष्म्याने दिसते, पण डोळा लांबटच राहतो. नंबर फार वाढला तर दृष्टिपटल सुटणे, काचबिंदू, पडद्याचा मधला भाग खराब होणे असे धोके पुढे वाढतात. म्हणून नंबर वाढण्याचा वेग कमी करणे हे केवळ जाड काचा टाळण्यापुरते काम नाही.

डोळा लांबट का होतो, याची चौकशी शाळांपासून सुरू झाली. जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ शहरात, जे आज पोलंडमध्ये आहे, हेरमान कोन या डॉक्टरांनी १०,०६० मुलांचे डोळे तपासून १८६७ मध्ये निष्कर्ष छापले. जसजशी इयत्ता वाढते तसतशी लघुदृष्टी वाढते, हे त्यांना दिसले. दोष पुस्तकांवर, बाकांवर आणि वर्गातल्या अपुऱ्या उजेडावर गेला. पुढे बराच काळ अनेकांनी हे सगळे आनुवंशिक मानले. १९७७ मध्ये माकडांवरच्या आणि त्यानंतर कोंबडीच्या पिलांवरच्या प्रयोगांनी चित्र बदलले. डोळ्यासमोर धूसरपणा ठेवला तर वाढत्या वयातला डोळा लांबट होतो, हे त्यांत दिसले. म्हणजे डोळा काय पाहतो यावर त्याची वाढ ठरते.

२००८ मध्ये एक तुलना प्रसिद्ध झाली. सिडनी आणि सिंगापूर इथल्या, दोन्हीकडच्या चिनी वंशाच्याच, सहा-सात वर्षांच्या मुलांचे डोळे तपासले होते. सिंगापूरमध्ये २९.१ टक्के मुलांना लघुदृष्टी होती, सिडनीत फक्त ३.३ टक्के. वंश एकच आणि सिडनीची मुले वाचनातही मागे नव्हती. मोठा फरक होता तो घराबाहेरच्या वेळेचा. सिडनीची मुले आठवड्याला पावणेचौदा तास बाहेर असत, सिंगापूरची जेमतेम तीन तास. त्याच सुमाराच्या सिडनीतल्या पाहणीत असेही दिसले की घरात किंवा बंद हॉलमध्ये खेळून हा फायदा मिळत नाही. महत्त्व खेळापेक्षा बाहेरच्या उजेडाचे आहे. खोलीत काहीशे लक्स उजेड असतो, तर बाहेर दिवसा हजारो आणि उन्हात लाखाच्या आसपास. या उजेडाने दृष्टिपटलात डोपामिन नावाचे रसायन जास्त पाझरते आणि ते डोळ्याच्या वाढीला लगाम घालते, असे संशोधकांना वाटते.

हे पडताळून पाहण्यासाठी चीनच्या ग्वांगझू शहरात बारा शाळांमध्ये प्रयोग झाला. निम्म्या शाळांतल्या पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे जादा वेळ बाहेर नेले. तीन वर्षांनी बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना नव्याने लघुदृष्टी झाली, आणि बाहेर नेलेल्या मुलांत ३०.४ टक्क्यांना. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटे बाहेर ठेवण्याची मोहीम घेतली आणि वर्षानुवर्षे वाढत गेलेला तिथला आलेख खाली वळला. आपल्याकडे दिल्लीतल्या शाळकरी मुलांच्या पाहणीत १३.१ टक्के मुलांना लघुदृष्टी आढळली आणि जास्त वेळ बाहेर असणाऱ्या मुलांत ती कमी होती.

मात्र एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. बाहेरचा उजेड नंबर लागणे पुढे ढकलतो, याचे पुरावे भक्कम आहेत. आधीच लागलेला नंबर त्याने किती रोखला जातो, याचे पुरावे तेवढे पक्के नाहीत. तिथे दुसरे उपाय येतात. अॅट्रोपिन हे बेलाडोना वनस्पतीतले औषध अगदी पातळ करून रोज रात्री डोळ्यात घालतात. सिंगापूरच्या चाचण्यांत ०.०१ टक्के मात्रेने आशा दाखवली, भारतातल्या चाचणीतही फायदा दिसला. मग २०१९ मध्ये हाँगकाँगच्या चाचणीत ०.०५ टक्के मात्रा जास्त गुणकारी ठरली आणि २०२३ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीत ०.०१ टक्के मात्रा आणि औषध नसलेले थेंब यांत फरकच दिसला नाही. हाँगकाँगमध्ये खास चष्म्याच्या काचाही तयार झाल्या. त्यांच्या मधल्या भागातून स्वच्छ दिसते आणि भोवतीच्या शेकडो लहान भिंगांमुळे डोळ्याला न वाढण्याचा इशारा मिळतो. दोन वर्षांच्या चाचणीत त्यांनी नंबर वाढण्याचा वेग निम्म्याने कमी केला.

एका देशात दिसलेला गुण दुसऱ्या देशात दिसत नाही, म्हणून कुणी निराश होऊ नये. इब्न अल-हैसम यांनी टॉलेमीच्या बाबतीत जे केले, तेच आजचे संशोधक एकमेकांच्या बाबतीत करत आहेत. पटलेले मतही पुन्हा तपासत आहेत. आपल्या घरातल्या समजुतींनाही ही तपासणी लागू आहे. सतत चष्मा लावला की नंबर वाढतो, म्हणून मुद्दाम कमी नंबरचा चष्मा द्यावा, असे अनेक आईवडील मानतात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मलेशियातल्या एका प्रयोगात कमी नंबरचा चष्मा दिलेल्या मुलांचा नंबर उलट जास्त वाढला. मुलीला चष्मा लागला तर स्थळ मिळायला अडचण येईल म्हणून तिचे डोळे तपासायलाच न नेणे, हा तर तिच्यावर सरळ अन्याय आहे. आणि मुलींना खेळायला बाहेर न पाठवण्याची किंमत त्यांच्या डोळ्यांना मोजावी लागते.

इब्न अल-हैसम यांच्या आठ अटींकडे आता पुन्हा पाहा. अंतर, उजेड, वेळ आणि निरोगी डोळा. मुलांची नजर लांबट डोळ्यामुळे जाते हे त्यांना ठाऊक नव्हते आणि त्यांनी हे भाकीत केले असे म्हणणे खोटे ठरेल. पण डोळा एकटा काम करत नाही, तो भोवतालच्या उजेडाशी आणि अंतराशी बांधलेला आहे, हा विचार त्यांनी पक्का केला. आज डॉक्टर आईवडिलांना तेच विचारतात. पुस्तक किंवा मोबाइल किती जवळ धरतो, किती वेळ पाहतो, दिवसा बाहेर किती असतो?

या महिन्यात असरच्या नमाजनंतर मगरिबपर्यंतचा वेळ घराघरांत इफ्तारच्या तयारीत जातो आणि मुले एका कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसतात. तेवढा वेळ त्यांना अंगणात, गच्चीवर किंवा मैदानात पाठवता येईल. रोजा ठेवलेल्या मुलाने धावायची गरज नाही, झाडाच्या सावलीत नुसते बसून गप्पा मारल्या तरी उजेड डोळ्यांपर्यंत पोहोचतो. फक्त सूर्याकडे थेट पाहायचे नाही. बाकीच्या अकरा महिन्यांतही हे चालू ठेवावे, वर्षातून एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे आणि थेंब किंवा खास काचा त्यांच्याच सल्ल्याने घ्याव्यात. उजेडाला पैसे पडत नाहीत, आणि तो कोणत्या घरातल्या मुलाच्या डोळ्यांत शिरायचा हे विचारतही नाही.